बेंगळुरूला नदी का नाही?

महाराष्ट्रातून बेंगळुरूला आलेली मंडळी हमखास विचारतात, "तुमची नदी कुठाय?" पुण्याला मुळा-मुठा, नाशिकला गोदावरी, आणि इथे?

फौजेत आम्हाला नकाशा वाचताना पहिला धडा असतो: उंचवटा कुठे ते पाहा आणि पाणी कुठल्या बाजूला उतरतं ते पाहा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर, नेमकं जलविभाजकावर बसलंय. बसवनगुडीकडचं पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळतं. बेलंदूर, वरतूरचं पाणी पूर्वेला दक्षिण पिनाकिनीत जातं.

हा उंचवटा आला कुठून? खालचा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना, पण त्याची आजची उंची त्या मानानं अलीकडची. भारताचा पश्चिम किनारा तुटून वेगळा झाला, तशी ती कड वर उचलली गेली आणि पठार पूर्वेकडे कललं. म्हणूनच तलकावेरीपासून अरबी समुद्र इतका जवळ असूनही कावेरी बंगालच्या उपसागराला जाते. आपल्या महाबळेश्वरच्या कृष्णेचीही तीच गोष्ट. भूवैज्ञानिक खडगसिंह वल्दिया तर म्हणत, की म्हैसूरच्या पठारातले जुने भ्रंश पुन्हा जागे झाले आहेत आणि त्यांनी नद्यांच्या वाटाही अडवल्या, वळवल्या. 1967 चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्याला हे पटायला जड जाऊ नये.

आता इतिहास. 1537 मध्ये केंपेगौडानं शहर वसवलं ते तलाव बांधूनच. 1638 मध्ये विजापूरकरांनी ते घेतलं आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. मोर्चाची जागा उत्तम. पण वेढा पडला की आधार तलावांचाच, नदीचा नाही. आपल्याकडे शहाजीराजांवर बोलताना ही बाजू कुणी काढत नाही.

पुढे 1894 मध्ये हेसरघट्ट, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी, दोन्ही अर्कावतीवर. तेही अपुरं पडलं, तेव्हा 1974 पासून कावेरी. जिथे पठार संपून ती जवळजवळ शंभर मीटर कोसळते, त्या शिवनसमुद्राजवळच्या तोरेकाडनहळ्ळीहून पाणी सुमारे 100 किलोमीटर आणि अंदाजे 500 मीटर वर चढवावं लागतं. भूगर्भानं उचललेली उंची आपण रोज वीज जाळून चढतो. 2024 च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या आणि टँकरचे भाव भडकले, ते सगळ्यांनी पाहिलंच.

आणि केंपेगौडाचा धर्मांबुधी तलाव? तिथे आता मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. पुण्याच्या गाडीतून उतरलात की तुम्ही त्याच्या तळावरच उभे असता.