सोयीचं घर, पण कुणाच्या सोयीचं?

गेले दोन महिने आमच्या घरी रविवार उजाडला की घरं बघायला निघायचं, असा शिरस्ता पडला आहे. मुलाला आणि सुनेला स्वतःचं घर घ्यायचं आहे. मीही त्यांच्यासोबत जाते. बिल्डरच्या कार्यालयात गार हवा असते, चहा मिळतो, काचेच्या पेटीत इमारतीची छोटी प्रतिकृती ठेवलेली असते आणि हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक पडतं. त्यावर एक वाक्य हमखास असतं : ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’. ही पाच मिनिटं कुणाच्या पायांची, उन्हाळ्यातली की पावसाळ्यातली, रविवार दुपारची की सोमवार सकाळची, हे मात्र कुठे छापलेलं नसतं.

मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. त्यामुळे असलं एखादं वाक्य दिसलं की ते आलं कुठून, हे शोधण्याची खोड जात नाही. घर निवडताना आधी गाडीचं वेळापत्रक बघायचं, ही सवय मुंबईकराला कधी लागली? आणि त्या वेळापत्रकात कुणाचा प्रवास मोजला गेला, कुणाचा राहून गेला?

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. चौतीस किलोमीटरचं अंतर त्या गाडीने साधारण तासाभरात तोडलं. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटणारी ठाण्याची धिमी लोकलही साधारण तासभरच घेते. मधले थांबे कितीतरी वाढले, तेव्हा ही तुलना तशी न्यायाची नाही. तरीही हा ‘तास’ लक्षात असू द्या, तो पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, गाडी कल्याणला पोहोचली. पण ती काही कारकुनांना घरी सोडण्यासाठी टाकलेली नव्हती. देशावरचा कापूस बंदरापर्यंत आणणं, हा त्यामागचा मोठा हेतू. रोज ये-जा करणाऱ्यांची गाडी आली ती पश्चिमेकडे. एप्रिल १८६७ मध्ये विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाली, दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक. अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे ही नावं तिच्या थांब्यांमध्ये होती. ती चुकली तर त्या दिवशी दुसरी गाडी नाही! आज एक गाडी चुकली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी हे आठवून पाहावं.

तरीही माणसं शहर सोडून उपनगरात राहायला लगेच गेली नाहीत. गिरगाव, काळबादेवी, ठाकूरद्वार सोडून साष्टीच्या भातखाचरांत कोण जाणार? लोकांना बाहेर काढलं ते १८९६ च्या प्लेगने. मांडवीत साथ सुरू झाली आणि हजारोंनी शहर सोडलं. दाटीची वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि रोगराई यांचा संबंध सरकारच्याही डोक्यात तेव्हा पक्का बसला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या बाजूला नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याचीच फळं. ‘हवेशीर जागा’ हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी रुळला तो या काळात.

हवा पाहिजे, पण कचेरीही गाठता आली पाहिजे. या दोन्हींची सांगड घालण्यात सहकारी संस्थांचा वाटा मोठा आहे. श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी १९१५ मध्ये गावदेवीत सहकारी गृहसंस्था उभारली. पुढे अशा वसाहती रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकत गेल्या. पु. ल. देशपांड्यांचा जन्म १९१९ साली गावदेवीचा, बालपण मात्र जोगेश्वरीत आणि पार्ल्यात गेलं. एका पिढीचा प्रवास त्या एका वाक्यात सांगून होतो.

मग वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची पहिली गाडी हार्बर मार्गाने धावली. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गावर वीज आली. गाड्यांचा वेग वाढला, संख्या वाढली, पासामुळे रोजचा प्रवास परवडू लागला. कुणालाही वाटेल, आता माणसाचा प्रवासातला वेळ वाचला असेल. तसं झालं नाही. गाडी वेगवान झाली की मुंबईकर घर आणखी लांब घेतो. वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. दादरचा अर्धा तास पार्ल्याचा झाला, पार्ल्याचा तास बोरिवलीचा झाला, आणि तोच तास पुढे डोंबिवली, वसई, विरारला गेला.

आता आमच्या घराकडे वळते. माझे आजोबा गिरगावातल्या चाळीत राहत. दोन खोल्या, सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला संडास. भाडं इतकं कमी की आज सांगितलं तर खरं वाटणार नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते त्या काळी गरजेचंही होतं. पण मालकाने दुरुस्तीतून लक्ष काढून घेतलं आणि भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणंही हळूहळू थांबलं. राहिली ती पागडी. तेवढी रोख रक्कम नोकरदार कुठून आणणार? मग एकच वाट उरली, ओनरशिपचा ब्लॉक. १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांसाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, यावरूनच ही लाट किती मोठी होती ते कळेल. आज घरकर्ज देणाऱ्यांची रांग लागते. तेव्हा घरकर्ज देणारी मोठी खासगी कंपनी म्हणजे एचडीएफसी, तीही १९७७ सालची. माझ्या वडिलांनी १९७२ मध्ये घर घेतलं ते प्रॉव्हिडंट फंड, ऑफिसची पतपेढी आणि आईच्या पाटल्या यांच्या जोरावर.

वडिलांची एक छोटी वही माझ्याकडे आहे. बॅलार्ड इस्टेटमधल्या कचेरीत ते हिशेबनीस होते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची सवय. घर घेण्याआधी सलग पाच रविवार ते हिंडले. मुलुंड, ठाणे, डोंबिवली अशी एकेक जागा घेऊन त्यांनी रकाने आखले आहेत : किंमत, पाणी, स्टेशनपर्यंत चालायला किती वेळ, फास्ट गाडी थांबते का, व्ही. टी.पर्यंत किती मिनिटं, व्ही. टी. ते ऑफिस किती मिनिटं. डोंबिवलीच्या पुढे लिहिलं आहे, ‘फास्ट पारसिक बोगद्यातून जाते. वेळ वाचतो.’ तो बोगदा १९१६ सालचा. दोन पिढ्यांपूर्वी फोडलेल्या डोंगराने आमचं घर ठरवलं म्हणायचं.

मी ही वही वर्गात दाखवत असे. इतिहासाची साधनं म्हणजे केवळ बखरी आणि ताम्रपट नव्हेत, घरच्या कपाटातही ती सापडतात, हे मुलांना पटावं म्हणून. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘मॅडम, तुमची आई नोकरी करत नव्हती का?’

करत होती. माझी आई गिरगावातल्या एका शाळेत शिक्षिका होती. सकाळचं अधिवेशन, पहिली घंटा सात वाजून दहा मिनिटांनी. चाळीतून शाळेत चालत जायला तिला सात मिनिटं लागायची. डोंबिवलीहून ती वेळ गाठायची तर पहाटे चारला उठून, पाचच्या आत गाडी पकडून, व्ही. टी.हून पुढे बस धरायला हवी. घरात आम्ही दोघं भावंडं लहान. तिने एक वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर राजीनामा दिला. घरात त्यावर भांडण झाल्याचं मला आठवत नाही. ‘आता ते शक्य नाही,’ एवढंच ती म्हणाली. वडील दुष्ट नव्हते, बेफिकीरही नव्हते. त्यांनी पाच रविवार पायपीट केली होती. पण त्यांच्या तक्त्यात आईच्या शाळेचा रकानाच नव्हता. मला ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्या मुलीला ते एका मिनिटात दिसलं.

त्यानंतर मी मुंबईचा नकाशा पुन्हा पाहू लागले. आपल्या लोहमार्गांची दिशा बघा. दोन मुख्य रेषा, दोन्ही दक्षिणोत्तर, दोन्ही फोर्टकडे जाणाऱ्या. या नकाशात प्रवासी म्हणजे सकाळी फोर्टला जाणारा आणि संध्याकाळी परतणारा एक पुरुष. आडवं जायचं असेल तर? १९२८ मध्ये अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, जाणारी एक आडवी रेल्वे सुरू झाली होती. ती १९३४ मध्ये बंद पडली. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम उपनगरं आडवी जोडणारी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावली ती थेट ८ जून २०१४ रोजी. मधली ऐंशी वर्षं आडव्या प्रवासाला दादरचा पूल किंवा बस एवढाच आधार होता. शाळा, दवाखाना, माहेर, लहान नोकऱ्या या सगळ्या वाटा आडव्याच असतात आणि त्या वाटांवर बायका जास्त असतात. पश्चिम रेल्वेने खास महिलांची लोकल सोडली ती १९९२ साली. पहिल्या गाडीनंतर एकशे एकोणचाळीस वर्षांनी.

माझं लग्न १९८३ मध्ये झालं. यांची कचेरी नरिमन पॉइंटला, माझं कॉलेज अंधेरीला. डोंबिवलीच्या घराचा अनुभव गाठीशी होता, म्हणून मी हट्टाने पश्चिम रेल्वेवर घर घ्यायला लावलं. बोरिवलीला घेतलं. दोघांचा प्रवास मोजून घेतलेलं आमच्या घराण्यातलं ते पहिलं घर. आमचा हिशेबही पूर्ण बरोबर ठरला नाही. यांची कचेरी पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. घर एकदाच घेतलं जातं, नोकरी मात्र जागा बदलत राहते. सुदैवाने वांद्रे बोरिवलीच्या अलीकडेच होतं, म्हणून निभावलं. ज्यांच्या बाबतीत कचेरी उलट्या दिशेला गेली, ते आजही दादरच्या पुलावर धावताना दिसतात.

आता मुलाची नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात आणि सुनेची ऐरोलीला. त्यांची गाडी ठाण्यावर येऊन थांबते आहे. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली, त्यामुळे सुनेला ऐरोली जवळ. मुलाला कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे रिक्षा. १८५३ ची गाडी जिथे थांबली, तिथेच आमची चौथी पिढी उतरणार, अशी चिन्हं आहेत.

त्यांनी माझा सल्ला विचारला. मी म्हटलं, कार्पेट एरिया तपासा, भोगवटा प्रमाणपत्र बघा, महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. २०१७ पासून ती सोय झाली आहे, तिचा उपयोग करा. पण घर रविवारी पसंत केलंत तरी सही करण्याआधी एका सोमवारी सकाळी त्या दारातून घड्याळ लावून निघा. दोघांनीही. संध्याकाळी परतूनही या, कारण जाताना मिळणारी जागा येताना मिळेलच असं नाही. फलाटावर गाडी भरून येते की रिकामी, हे डोळ्यांनी पाहा. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी पडून दगावले, ती बातमी तुम्ही वाचली आहे. मिनिटं मोजताना आपण त्या मिनिटांत उभे कसे असणार, हेही मोजायला हवं.

आणि शेवटी म्हटलं, तक्ता केलात तर घरातल्या प्रत्येकाचा रकाना आखा. उद्या मूल झालं तर त्याच्या शाळेचा, पाळणाघराचा. मी राहायला आले तर माझ्या दवाखान्याचा. सगळ्यांची सोय एका घरात बसणार नाही, कुणाला तरी झळ सोसावीच लागेल. ती कुणी सोसायची, हे निदान एकत्र बसून, बोलून ठरवा. न बोलता ठरलं की ती नेहमी एकाच माणसाच्या वाट्याला येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो गिरगावात पोहोचली. ज्या गिरगावातून आम्ही जागेअभावी बाहेर पडलो, तिथे आता उपनगरातून थेट गाडी जाते. मी मुद्दाम एकदा जाऊन आले. आमची चाळ आता नाही, आईची शाळा आहे. चाळीच्या जागेपासून शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले. माझ्या गुडघ्यांना दहा मिनिटं लागली. आईला सात लागायची. घरी आल्यावर वडिलांची वही काढली आणि त्यांच्या तक्त्याच्या कडेला, पेन्सिलीने, तो एक रकाना वाढवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)