झाकली बाटली सव्वा लाखाची

वाइनचा जाणकार आधी पेला तिरका करून रंग बघतो. मग तो गोल फिरवतो, आत नाक खुपसतो, एक घोट तोंडात घेऊन खळखळवतो आणि शेवटी शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतो. आमच्याकडे याला चूळ भरणं म्हणतात आणि ते मोरीत फुकट करता येतं. पण तिकडे त्याची विद्या झाली आणि त्या विद्येची काशी म्हणजे फ्रान्स. लाल वाइन बोर्दोची, पांढरी बर्गंडीची. बाकीच्यांनी द्राक्षं खावीत आणि गप्प बसावं, असा एकूण शास्त्रार्थ.

या काशीत 24 मे 1976 रोजी मोठाच अधर्म घडला. स्टीव्हन स्पुरियर नावाचा एक इंग्रज पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवायचा. इंग्रजाने फ्रेंचांना वाइन विकायची, म्हणजे पुणेकराने कोल्हापुरात तांबडा रस्सा विकण्यासारखंच! अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी 200 वर्षं होत होती. ते निमित्त साधून त्याने आणि त्याच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखायला नऊ फ्रेंच पंडित बोलावले. कुणी नामांकित हॉटेलचा मालक, कुणी द्राक्षमळ्यांचा धनी, तर ओदेत कान या बाई वाइनच्या मासिकाच्या संपादक. दहा पांढऱ्या आणि दहा लाल वाइन होत्या. प्रत्येक दहात सहा अमेरिकन, चार फ्रेंच. गुण 20 पैकी. आणि ऐन वेळी ठरलं, की कुठल्या पेल्यात काय आहे, हे कुणाला सांगायचंच नाही.

झालं! एका पंडिताने घोट घेतला आणि आता कसं फ्रान्सला परतल्यासारखं वाटलं, म्हणून उसासा टाकला. पेल्यात वाइन होती कॅलिफोर्नियाची.

पांढऱ्यांत पहिली आली शॅटो माँटेलेनाची 1973 ची वाइन. ती बनवणारा माइक ग्रगिच हा युगोस्लाव्हियातून पोटासाठी अमेरिकेत आलेला गृहस्थ. हा निकाल आधीच कळल्यामुळे लाल वाइनच्या वेळी पंडित सावध झाले. तरीही पहिली आली कॅलिफोर्नियाच्याच स्टॅग्ज लीपची 1973 ची वाइन. तिच्या वेली तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या होत्या आणि मालक वॉरन विनियार्स्की हे पूर्वी शिकागो विद्यापीठात शिकवायचे. बोर्दोच्या रोथशिल्ड घराण्याला दुसऱ्या नंबरावर समाधान मानावं लागलं. ओदेतबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. पेपर परत मागणारे विद्यार्थी आपण पुष्कळ पाहतो. परीक्षक मागतो, हे विरळा. स्पुरियरने ती दिली नाही.

हजर असलेला वार्ताहर एकच, ‘टाइम’चा जॉर्ज टेबर. बाकीच्यांना वाटलं, निकाल तर ठरलेलाच आहे, मग जायचं कशाला? त्यांची बातमीही गेली आणि फुकटची वाइनही.

फ्रेंचांनी तक्रार केली, की आमची वाइन मुरल्यावर खुलते. ठीक आहे. 2006 साली, 30 वर्षं मुरवून, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या!

यावरून ते नऊजण ढोंगी होते, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. नाव झाकल्याबरोबर त्यांच्या जिभेने परक्या पोराला इमानाने पहिला नंबर दिला. लाज वाटली ती नाव उघडल्यावर. खोटेपणा करतात ते आपले डोळे. बोर्दोच्या संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळला होता. वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 जणांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं! डोळ्यांनी निकाल दिल्यावर बिचारी जीभ नुसती सही करते.

आपलं तरी काय? पेटीवर ‘देवगड’ वाचलं, की आंबा कापायच्या आधीच गोड लागतो. डोळ्यांवर पट्टी बांधून आंबे खाण्याचा प्रयोग आमच्या वाड्यातही सहज करता येईल. पण इथल्या सुनांपैकी निम्म्यांचं माहेर देवगडचं आणि निम्म्यांचं रत्नागिरीचं. त्यामुळे स्पुरियर व्हायला कुणी पुढे येत नाही.