नगारखाना आणि बँडस्टँड

वांद्र्याच्या समुद्रकाठीं ‘बँडस्टँड’ हें नांव अजून सर्वांच्या तोंडीं आहे. ज्या बँडमुळें तें पडलें, त्याचे सूर मात्र केव्हांच विरले. नांव मागें राहावें व वाद्य नाहींसें व्हावें, असें कां झालें असेल?

इंग्रजी अमदानींत लष्कराचें ठाणें पडलें कीं पलटणीचा बँड येई, आणि त्याच्यासाठीं मोकळ्या जागेंत छप्पर घातलेला चौथरा उठे. मुंबईस कूपरेज येथील असा चौथरा 1867 सालचा. सायंकाळीं फिरावयास आलेल्या मंडळींचें मनोरंजन, एवढेंच त्या वादनाचें काम. वादकांना वेतन पलटणीचें. 28 फेब्रुवारी 1948 रोजीं शेवटची गोरी पलटण मुंबईहून निघाली, आणि चौथऱ्याचा पोशिंदाच गेला.

वाद्यांना उंच जागा देण्याची आपली चाल याहून पुष्कळ जुनी. नगारखाना प्रवेशद्वारावर असे, कारण त्याचें काम करमणुकीचें नव्हतें. तो प्रहर सांगे, पूजेची वेळ कळवी, राजाची वर्दी देई. अकबराच्या नगारखान्यांतील वाद्यांची यादी अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’मध्यें दिली आहे, तींत दमाम्याच्या सुमारें अठरा जोड्या व नऊ सनया आहेत. रायगडावर, जेथें 6 जून 1674 रोजीं शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला, तेथें नगारखाना सिंहासनाच्या थेट समोर आहे. राज्यें गेलीं, तरी देवळांतला चौघडा राहिला. कारण देवाची पूजा रोजची होती.

याच्याही पुढची पायरी धाराशिव जिल्ह्यांतील येरमाळ्यास दिसते. येथील येडेश्वरीचें देऊळ डोंगरावर आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत देवीची पालखी डोंगर उतरून आमराईंत येते आणि भाविक शेतांतून चुनखडीचे खडे वेचतात. संबळाचा व हलगीचा ठेका, आराध्यांचीं गाणीं, हें सारें पालखीबरोबर चालत असतें. येथें वाद्यांचें स्थान म्हणजे पालखीची वाट. ऐकणारे निराळे आणि वाजविणारे निराळे, असा भेद तेथें फारसा उरत नाहीं. 1948 च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली. यात्रेचा ठेका मात्र कोणत्याही सत्तेच्या वेतनावर अवलंबून नव्हता.

तथापि निश्चिंत राहण्याजोगी स्थिति नाहीं. आज कित्येक देवळांत आरतीच्या वेळीं विजेवर चालणारें यंत्र नगारा व घंटा आपोआप वाजवितें. पूजा चुकत नाहीं, पण एका घराची उपजीविका व पिढ्यांची विद्या चुकते. बँडस्टँड पोशिंदा गेल्यानें मुका झाला. चौघड्याचा पोशिंदा जागेवर असून वादकाची जागा यंत्राला मिळत आहे. मोडका चौथरा गवंडी पुन्हा उभा करतील. बापाजवळ बसून लहानपणापासून तयार झालेला हात एकदां खंडला, तर तो कोणता कारागीर घडविणार?