वस्त्र आणि विरक्ती

आणे पठारावरून घाट उतरून पश्चिमेस निघाले की पुढे जुन्नर लागते. तेथील डोंगरांत बौद्ध भिक्षूंची दीडशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतील दोन दानलेखांपाशी आम्ही नेहमी थबकतो. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. यवन हा शब्द मूळचा ग्रीकांचा वाचक.

त्याच्या काही शतके आधी ग्रीकांची गाठ निराळ्याच विरक्तांशी पडली होती. इ. स. पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरने ओनेसिक्रिटस यास तक्षशिलेबाहेरील साधूंकडे धाडले. स्ट्रॅबोच्या वृत्तांतानुसार तेथे पंधरा साधू भर उन्हात विवस्त्र व निश्चल होते. त्यांपैकी कॅलानोसने पाहुण्यास बजावले की, ज्ञान हवे तर आधी कपडे उतरव. या उद्धटपणाबद्दल वयोवृद्ध मंदानिसाने त्याची कानउघाडणी केली. पुढे मंदानिसाने सम्राटाचे निमंत्रण नाकारले. कॅलानोस मात्र सैन्याबरोबर गेला आणि इराणात त्याने अग्निप्रवेश केला. ग्रीकांनी या साधूंना ‘नग्न तत्त्वज्ञ’ असे नाव दिले.

आजीविक व दिगंबर जैन मुनींनीही वस्त्र त्यागले. वस्त्र आले की ते मिळवणे, धुणे, शिवणे आणि जपणे आले. म्हणून तोही परिग्रहच. ही शंका निराधार नव्हती. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातील लेख पाहावा. त्याने विणकरांच्या श्रेणीत २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाच्या २४० कार्षापणांतून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ मिळावयाचे होते. एका चीवरामागे ठेव, व्याज आणि विणकर उभे राहिले!

तरीही बुद्धांनी भिक्षूंना नग्नता निषिद्ध केली, आणि जुन्नरचे भिक्षू चीवरच नेसले. दिगंबर परंपराही खंडित झाली नाही; आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन देह ठेवला.

आम्ही झगा घालणारे. यांपैकी कोणाचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र तक्षशिलेची ती कथा आम्हांस अस्वस्थ करते. कपडे उतरवण्याचा हट्ट धरणारा राजामागून गेला. ज्याने तो धरला नाही, तो जागचा हलला नाही. झगा पांघरताना आम्ही स्वतःस विचारतो : बोलावणे आले असते, तर आम्ही कोणाच्या बाजूस उभे राहिलो असतो?