शेतीपंपासाठी केबल किती खोल पुरावी, अर्थिंग कशी करावी?

मुळशी तालुक्यात जूनपासून भातखाचरे पाण्याने भरतात. अशा वेळी मोटरच्या बॉडीत उतरलेला किंवा कापल्या गेलेल्या केबलमधून चिखलात झिरपणारा करंट जीवघेणा ठरतो. त्यामुळे केबल आणि अर्थिंगची कामे मे महिन्यातच पूर्ण करावीत.

केबलची खोली

- आयएस १२५५ या भारतीय मानकानुसार कमी दाबाची (४१५ व्होल्टपर्यंत शेतीपंपाची) केबल जमिनीखाली किमान ७५ सें.मी., म्हणजे सुमारे अडीच फूट खोल असावी. रस्ता ओलांडताना ही खोली १ मीटर ठेवावी. ११ केव्ही केबलसाठी ती ९० सें.मी. आहे.
- चिखलणी वीतभर खोल जाते, ट्रॅक्टरची नांगरट फूटभर. एक फुटावर पुरलेली केबल म्हणूनच सुरक्षित नसते. बांध कोरताना किंवा जेसीबी लावताना ती हमखास सापडते.
- चरात सुमारे ८ सें.मी. वाळू पसरावी, त्यावर केबल, पुन्हा वाळू, त्यावर विटांचा थर आणि मग माती टाकावी. विटा लागल्या, की खोदणारा थांबतो.
- शक्यतो खाचरातून आडवी केबल नेऊ नये, बांधालगत न्यावी. बांधात खेकडे आणि उंदीर बिळे करतात, म्हणून आर्मर्ड केबल वापरावी. तिच्या आर्मरलाही अर्थिंग जोडावे.
- सबमर्सिबल मोटरची चपटी केबल उघडी पुरू नये, जाड एचडीपीई पाइपमधून न्यावी. जमिनीखाली जोड ठेवू नये.
- डोंगरउतारावर दोन फुटांवरच कातळ लागत असेल, तर केबल पाइपमध्ये टाकून वर काँक्रीट करावे. केबल कुठून गेली आहे, हे दाखवणारे दगड रोवावेत.

अर्थिंग

आयएस ३०४३ मानकानुसार जीआय पाइपचा आतील व्यास किमान ३८ मि.मी. आणि लांबी किमान २.५ मीटर असावी. प्लेट वापरल्यास जीआय प्लेट ६० × ६० सें.मी. आकाराची, ६.३ मि.मी. जाडीची असावी. तिची वरची कड जमिनीखाली किमान १.५ मीटर असावी. खड्डा मोटरघराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर घ्यावा.

थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र ठिकाणांहून अर्थिंग जोडणे नियमाने आवश्यक आहे. स्टार्टरची आणि मेन स्विचची लोखंडी पेटीही जोडावी. एक तार तुटली तरी दुसरी जीव वाचवते. कातळाच्या जमिनीत एकच पाइप पुरेसा ठरत नाही. दोन-तीन पाइप एकमेकांपासून किमान पाइपच्या लांबीइतक्या अंतरावर घालून एकत्र जोडावेत. कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यातील मीठ मुळशीच्या पावसात लवकर वाहून जाते, शिवाय पाइप गंजतो. बेंटोनाइट माती जास्त टिकते.

फक्त अर्थिंग पुरेशी आहे का?

नाही. समजा, तुमच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आणि डीपीच्या अर्थिंगचा २ ओहम आहे. फेज बॉडीला लागला, तर २३० भागिले १२, म्हणजे सुमारे १९ अँपिअर करंट वाहील. ३२ अँपिअरचा फ्यूज त्याने उडणार नाही आणि मोटरच्या बॉडीवर सुमारे १९० व्होल्ट तसेच राहतील. म्हणून अर्थिंगबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो वारंवार पडत असेल, तर थेट जोडणी करून मोटर चालवू नये. केबल किंवा मोटरच्या वाइंडिंगमध्ये गळती आहे, ती आधी शोधावी.

तपासणी

फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून पाहण्याची पद्धत गावोगावी आहे. ती फसवी आहे. अशा बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. त्यामुळे अर्थिंग ५० ओहमची, म्हणजे निकामी असली, तरी बल्ब जवळपास पूर्ण उजेड देतो. तपासणी अर्थ टेस्टरनेच करून घ्यावी. जमीन सर्वांत कोरडी मे महिन्यात असते, म्हणून तेव्हाचे माप खरे धरावे. ते ५ ओहमच्या आत असल्यास चांगले.

हे टाळावे

- नदीकाठची किंवा धरणाच्या फुगवट्यातील मोटर पाणी ओसरेल तशी हलवावी लागते. हलवण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. ऑटो स्विच असेल, तर वीज येताच मोटर आपोआप सुरू होते.
- एचडीपीई किंवा पीव्हीसी पाइपलाइनला अर्थिंगची तार बांधून उपयोग नाही, प्लॅस्टिकमधून करंट जमिनीत जात नाही.
- डीपीवरील फ्यूज स्वतः टाकू नये. तुटलेली तार दिसल्यास महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे.
- कुणी चिकटल्यास हात लावू नये. आधी वीज बंद करावी. ते शक्य नसल्यास कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्या व्यक्तीला दूर करावे आणि १०८ ला फोन करावा.

केबल आणि अर्थिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. चर बुजवण्यापूर्वी खोली स्वतः मोजावी. एकदा माती पडली, की काय पुरले ते दिसत नाही.