शालान्त परीक्षेनंतरच्या वाटा

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याने पहिली मॅट्रिक परीक्षा घेतली. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही शाळेची अखेरची परीक्षा मानली जाई, पण ती घेणारे होते विद्यापीठ. साहजिकच हायस्कुलात काय शिकवायचे, हे विद्यापीठाला कसा विद्यार्थी हवा यावरून ठरू लागले. मॅट्रिक झालेल्या मुलाला सरकारी कचेरीत कारकुनी किंवा शाळेत मास्तरकी मिळण्याची आशा असे. पुढे शिकायचे तर कॉलेजात नाव घालून ‘टर्म भरणे’ भाग होते. ठरलेली हजेरी भरून प्राचार्यांचा दाखला मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. सुरुवातीची कॉलेजे मुंबई-पुण्यात होती; त्यामुळे शहरात राहण्याजेवण्याची सोय आणि दिवसभराची सवड नसलेल्याला पदवीचा रस्ता बंदच होता.

तंत्रशिक्षणाची वाट वेगळी होती. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला आणि १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उघडली. मात्र कारागिरीकडे वळलेल्याला पुन्हा पदवीकडे येण्याची सोय जवळपास नव्हती.

हजेरीची अट सैल करण्याची सुरुवात रूढ चाकोरीबाहेर राहिलेल्यांसाठी झाली. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. तेथे मातृभाषेतून शिक्षण होते आणि घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसण्याची सवलतही होती. लहान वयात लग्न झालेल्या किंवा घर सोडणे शक्य नसलेल्या बायकांना या सवलतीचा आधार मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे सकाळी तास होत, म्हणजे विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करता येई. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली मुले अंगमेहनत करून शिक्षणाचा खर्च भागवत.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली आणि ही परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे आली. तेव्हा शाळा अकरावीपर्यंत होती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला आणि १९७५ मध्ये जुन्या अकरावीची व नव्या दहावीची मुले एकाच वर्षी शाळेबाहेर पडली. त्या दहावीवाल्यांनी १९७७ मध्ये बारावी दिली. अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी कॉलेजांनाच जोडून ‘कनिष्ठ महाविद्यालये’ झाली. कोठारी आयोगाला या दोन वर्षांत व्यवसायशिक्षणाला मोठी जागा हवी होती. पण मुलांचा लोंढा कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन शाखांकडेच गेला. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तशी विज्ञान शाखेची ओढ आणखी वाढली. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेली शाखा पुढच्या साऱ्या वाटा ठरवू लागली.

हा ताण कमी करण्यासाठी १९८०च्या दशकाअखेरीस बारावीच्या स्तरावर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. ‘एमसीव्हीसी’ या नावाने ते ओळखले गेले. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य, आरोग्य आणि गृहशास्त्र असे त्यांचे गट होते. १९८६ च्या दुरुस्तीमुळे शिकाऊ उमेदवारी कायदाही बारावी व्यवसाय उत्तीर्णांना लागू झाला होता. त्यांना कारखान्यात किंवा कचेरीत विद्यावेतनावर वर्षभर उमेदवारी करता येई. आडव्या वाटाही निघाल्या. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेतलेला विद्यार्थी थेट अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, तर बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ लागला. शाळा सुटलेल्यांसाठी मंडळाचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ होता. तो भरून दहावी-बारावीला खासगीरीत्या बसता येते, आणि खेड्यापाड्यांत आजही ही परीक्षा त्या फॉर्मच्या नावानेच ओळखली जाते.

पदवीची हजेरी पत्राद्वारे शिक्षणाने सैल केली. मुंबई विद्यापीठाचा हा विभाग १९७१ मध्ये सुरू झाला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. त्याचा पूर्वतयारी शिक्षणक्रम हे मोठे पाऊल होते. बारावी न झालेला, पण वयाची अट पूर्ण करणारा माणूस ती परीक्षा देऊन बी.ए. किंवा बी.कॉम.ला प्रवेश घेऊ शकतो. पुस्तके घरी येतात, संपर्क सत्रे जवळच्या महाविद्यालयातल्या अभ्यासकेंद्रात सुट्टीच्या दिवशी होतात. शेतमजूर, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, कारखान्यातले कामगार अशा अनेकांना पदवीपर्यंत पोहोचण्याचा हा रस्ता झाला.

बाजूच्या वाटांवरच्या या सवलती २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य रस्त्यावर आणल्या. वर्षभर शिकून थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी, अशी रचना झाली. मिळवलेली क्रेडिट २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात आणि शिक्षण सोडलेल्याला नियमांत बसेल त्या मुदतीत परत येता येते. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेण्यासही विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी आहे. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. वैद्यकीय शिक्षण मात्र या लवचीकतेबाहेर राहिले आहे. तेथे अजूनही एकच प्रवेशपरीक्षा आणि सलग पूर्णवेळ अभ्यास हाच नियम आहे, आणि अर्ध्यावर सोडलेल्या वर्षांचे कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही.