गोष्ट सांगणाराच भरवशाचा नसेल तर? 'अविश्वासार्ह निवेदक' म्हणजे काय, समजून घ्या

कादंबरीत 'मी' म्हणून बोलणारं पात्र जे सांगतं, ते आपण सहसा खरं धरून चालतो. काही लेखक मात्र मुद्दाम असा निवेदक निवडतात, ज्याच्या शब्दावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. इंग्रजीत त्याला 'अनरिलायेबल नॅरेटर' म्हणतात, मराठीत अविश्वासार्ह निवेदक. अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांच्या १९६१ च्या 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या पुस्तकामुळे ही संज्ञा रूढ झाली.

अलीकडचं गाजलेलं उदाहरण म्हणजे गिलियन फ्लिन यांची 'गॉन गर्ल' (२०१२). नवरा निक आणि बायको एमी आळीपाळीने गोष्ट सांगतात. एमीची डायरी वाचताना निकवरचा संशय वाढत जातो. मग अर्ध्या वाटेवर कळतं, ती डायरीच रचलेली आहे.

निवेदक खोटंच बोलतो का?

दर वेळी नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यातलं साधं उदाहरण घ्या. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली आणि दोन शेजाऱ्यांत वाद झाला. वरचा म्हणतो, "मी माझ्या पाळीचंच पाणी घेतलं." टेलचा म्हणतो, "माझ्या उसापर्यंत पाणी आलंच नाही." दोघंही मनापासून बोलत असतील. पण वरच्याने दार उशिरा बंद केलं हे तो सांगत नाही, आणि आपली चारी गवताने भरली होती हे खालचा सांगत नाही.

कादंबरीतही असंच होतं. कुणी ठरवून फसवतो, कुणी स्वतःलाच फसवतो, तर कुणाला वयामुळे किंवा धक्क्यामुळे जे दिसतं त्याचा अर्थ लागत नाही.

मराठीत असं लिहिलं गेलंय का?

हो, आणि तेही 'गॉन गर्ल'च्या कितीतरी आधी. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ मध्ये आली. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं, तेव्हाही याच कादंबरीचं नाव घेतलं गेलं. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं इथे आपापली बाजू 'मी' म्हणून मांडतात.

ययाति आपल्या चुका लपवत नाही. मात्र प्रत्येक चुकीमागे त्याच्याकडे कारण तयार असतं. बालपणीचे घाव, प्रेमाची भूक, मृत्यूची भीती. वाचताना त्याची कीव येते आणि त्याच्या वागण्याचे चटके कुणाला बसले याचा विसर पडतो. देवयानीचं ऐकलं की शर्मिष्ठेला दासी करणं हा तिच्या मानाचा प्रश्न वाटतो. शर्मिष्ठा बोलू लागली की त्या हट्टाची किंमत कळते.

आणि पुरू? बापाने ज्याच्याकडे तारुण्य मागितलं, त्या मुलाच्या वाट्याला निवेदन येतच नाही. त्याची गोष्ट आपल्याला इतरांच्या तोंडूनच कळते.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) याच वाटेने जाते. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट राहायला येतो. तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. आधी तनय सांगतो, मग अनुजा. तीच माणसं आणि तेच घर, पण दोन वेगळ्या गोष्टी. दोघांचं दुःख खरं आहे, पण दोघांनाही अर्धंच दिसलेलं आहे. तो पाहुणा मात्र स्वतः बोलत नाही. त्याचं नावही वाचकाला कळत नाही. जेरी पिंटो यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये कुंडलकरांनीच केलेला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला.

सिनेमात हे पाहायचं असेल तर पुण्यात घडणारा 'अंधाधुन' (२०१८) आठवा. शेवटी आकाश सोफीला सगळी हकीकत सांगतो आणि जाता जाता काठीने रस्त्यावरचा कॅन अचूक उडवतो. त्या एका फटक्यानंतर त्याने सांगितलेलं किती खरं, हा वाद अजून मिटलेला नाही.

असा निवेदक ओळखायचा कसा?

• तो सतत स्वतःची बाजू मांडतोय का? कुणी विचारलेलं नसताना खुलासे देतोय का?
• त्याचं बोलणं आणि त्याचं वागणं जुळतं का?
• बाकीची पात्रं त्याच्याशी कशी वागतात? तो स्वतःला समजतो तसा ती त्याला समजतात का?
• नेमक्या महत्त्वाच्या प्रसंगी तो घाईने पुढे सरकतो का?
• या गोष्टीत कुणाला बोलायची पाळीच मिळाली नाही?

याचा आपल्याशी काय संबंध?

ब्रेकअपची पोस्ट, भांडणाचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर फिरणारा चॅटचा स्क्रीनशॉट या सगळ्यांत कुणीतरी 'मी' बोलत असतो. स्क्रीनशॉट खरा असला तरी तो कुठून कापला, हे पाठवणाऱ्यानेच ठरवलेलं असतं.

म्हणून समोरच्याला लगेच खोटारडा ठरवायचं असं नाही. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीलाही घटना सलग, क्रमवार आठवेलच असं नाही. तपशील मागेपुढे झाले म्हणून तिचं सगळं खोटं मानणं हीदेखील वाचण्यातली चूकच. ययातीसारखा माणूस सफाईने बोलतो म्हणून तो खरा ठरत नाही आणि कुणी अडखळत बोलतं म्हणून ते खोटं ठरत नाही. शेअर करण्याआधी वरच्या यादीतला शेवटचा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.